येईल, येईल!

चौकशीच्या खिडकीमागे दोनच प्रकारची माणसं बसतात, असं माझं मत आहे. एक, ज्यांना माहिती नसते. आणि दुसरी, ज्यांना असते पण द्यायची नसते. मी स्वतः वीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसतो आहे, तेव्हा हे अधिकारवाणीनं सांगायला हरकत नाही.

आमच्या अण्णांची या खिडकीशी गाठ पडली ती 1986च्या पावसाळ्यात. गावाकडे आजी अत्यवस्थ होती. अण्णा तालुक्याच्या स्टँडवर पोचले तेव्हा पाच वाजले होते. गावची शेवटची गाडी किती वाजता, असं विचारल्यावर आतून उत्तर आलं, "येईल, येईल." आठ वाजता खिडकी बंद करताना त्या गृहस्थाला आठवलं की ती गाडी फक्त बाजारच्या दिवशी असते. अण्णा चौदा किलोमीटर चिखल तुडवत गेले. पोचले तेव्हा आजी गेली होती. हेच पाचला कळलं असतं, तर अण्णा पाचलाच चालू लागले असते.

त्यानंतर अण्णांनी दोनशे पानी वही घातली. दिसेल त्या स्टँडवरचा फलक ते उतरवून घेत. रकाने चार : गाव, गाडी, फेरी, वेळ. शेरा निराळा : 'फक्त बाजारच्या दिवशी', 'शाळा असेल तरच'. वही सर्वांना खुली होती. आळीतली माणसं वेळ विचारायला येत आणि चहा घेऊन जात. त्यामुळे आईच्या मते ही जगातली सर्वांत महाग वही होती.

अण्णांच्या आधी हा उद्योग करणारा एक इंग्रज होऊन गेला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मँचेस्टरच्या जॉर्ज ब्रॅडशॉनं 1839 साली निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांची वेळापत्रकं एका पुस्तकात छापली. 1841च्या डिसेंबरपासून ती दरमहा निघू लागली. काही कंपन्या म्हणे वेळा द्यायलाच तयार नव्हत्या. वेळ छापली की गाडी वेळेवर सोडणं आलं! कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला त्यांचं दुःख समजतं. तोंडी सांगितलं तर ती गप्पा होते, छापलं की देणं होतं. ब्रॅडशॉ 1853 साली नॉर्वेत कॉलऱ्यानं वारला. त्याच वर्षी आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. त्याच्या नावाचं वेळापत्रक मात्र थेट 1961पर्यंत निघत राहिलं.

पुढचा गृहस्थ, खरं म्हणजे बाई, अमेरिकेतल्या पोर्टलंडची. बिबियाना मॅकह्यू तिथल्या 'ट्रायमेट' या बस-रेल्वे संस्थेत नोकरीला होती. परगावी मोटारीचा रस्ता संगणकावर चटकन सापडतो, पण बसचा सापडत नाही, याचा तिला वैताग आला. तिनं गूगलशी बोलणं लावलं आणि 2005च्या डिसेंबरात पोर्टलंडच्या बसगाड्या नकाशात आल्या. वेळापत्रक लिहायची ती पद्धत 2006 साली सर्वांना खुली झाली. तिला 'जीटीएफएस' म्हणतात. आधी त्यातला 'जी' गूगलचा होता. पुढे तो 'जनरल'चा, म्हणजे तुमचाआमचा झाला.

हे प्रकरण फार गहन असेल म्हणून मी भीतभीत उघडून पाहिलं. आत काय? साध्या मजकुराच्या फायली, मध्ये स्वल्पविराम! एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत वेळा. शिवाय कुठली फेरी कोणत्या वारी, याची निराळी फाईल. म्हणजे अण्णांची वही! फक्त चहा वजा. मध्यरात्रीनंतरची फेरी तर आदल्याच दिवसाच्या खात्यात धरतात आणि पहाटे दीडला 25:30 लिहितात. हिशेब जुळल्याशिवाय दिवस संपत नाही, हे बँकेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

2018 साली कोचीच्या मेट्रोनं आणि दिल्लीनं आपापली माहिती अशी खुली केली. दिल्लीनं तर धावत्या बसगाड्या या क्षणी कुठे आहेत, तेही. माझी बहीण तिथे राहते. मागल्या हिवाळ्यात अण्णांना घेऊन गेलो होतो. थांब्यावर उभे असताना भाच्यानं फोन काढला. "आजोबा, बसला अजून वीस मिनिटं आहेत."

अण्णा बराच वेळ त्या काचेकडे पाहत राहिले. इतका वेळ, की त्यांना नीट दिसत नसावं असं मला वाटलं. मग त्यांनी मफलर आवळला.

"वीस मिनिटं ना? मग चालत जाऊ," ते म्हणाले आणि आमच्या पुढे चालू लागले.