सांता नदीचे दोन काठ

सुमारे बारा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वनस्पतीच्या तंतूंना पीळ देऊन दोरी वळली. त्या दोरीचे तुकडे आजही अस्तित्वात आहेत. ते जिथे सापडले ती गुहा ज्या खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्यात, नदीच्या पलीकडच्या काठावर एक नांदते गाव होते. ३१ मे १९७० रोजी ते सुमारे तीन मिनिटांत नाहीसे झाले.

गुहेचे नाव गितारेरो, गावाचे युंगाय. देश पेरू, आणि नदी सांता.

पेरूच्या आंकाश प्रांतात अँडीज पर्वताच्या दोन रांगा एकमेकींना समांतर धावतात. पूर्वेकडची कॉर्डिलेरा ब्लांका, म्हणजे पांढरी रांग. तिच्यावर बारमाही बर्फ असते. पश्चिमेची कॉर्डिलेरा नेग्रा, म्हणजे काळी रांग; ती उघडीबोडकी, कोरडी आणि हिमनद्यांवाचून आहे. या दोहोंच्या मधून सांता नदी उत्तरेकडे वाहते. खोऱ्याला ‘कायेहोन दे वायलास’ म्हणतात. ‘कायेहोन’ म्हणजे बोळ, आणि पर्वतांच्या दोन भिंतींमधल्या या चिंचोळ्या पट्ट्याला ते नाव शोभते. वारास या शहरातून सकाळी निघालेल्या सहलीच्या गाड्या नदीच्या सोबतीने उत्तरेला जातात, युंगायला थांबतात आणि संध्याकाळी परततात. गुहेसाठी मात्र मान्कोसजवळ नदी ओलांडून शुप्लुईच्या बाजूला जावे लागते. एका दिवसात दोन्ही ठिकाणे पाहता येतात. त्यांच्यामधले अंतर किलोमीटरांत थोडे आहे. काळात मोजू गेल्यास मानवी इतिहासाचा बहुतांश भाग त्यात मावतो.

आधी गुहा. समुद्रसपाटीपासून सुमारे २,५८० मीटर उंचीवर, काळ्या रांगेच्या पायथ्याशी, नदीच्या पात्रापासून सुमारे दीडशे मीटर वर तिचे तोंड आहे. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ थॉमस लिंच यांनी १९६९ ते १९७१ या काळात येथे उत्खनन केले. दगडी हत्यारे आणि शिकारीच्या प्राण्यांची हाडे अशा ठिकाणी अपेक्षितच असतात. गितारेरोचे वेगळेपण तिच्या कोरडेपणात होते. एरवी मातीत पहिल्यांदा कुजून जातात त्या वस्तू येथे टिकल्या होत्या: दोऱ्या, गाठी, विणलेल्या वस्त्राचे आणि टोपल्यांचे तुकडे, वनस्पतींचे अवशेष, बिया.

प्राचीन इतिहासाला ‘अश्मयुग’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे, कारण दगड टिकतो. वास्तविक त्या माणसांच्या हाताशी दगडापेक्षा तंतूच अधिक असले पाहिजेत. ओझे बांधायला दोरी, कंद गोळा करायला पिशवी, निजायला चटई. केवळ ते सारे कुजून गेले म्हणून इतिहासाच्या पुस्तकात भाल्याच्या टोकाचे चित्र येते, पिशवीचे येत नाही. गितारेरोसारखी एखादी कोरडी गुहा ही उणीव थोडी भरून काढते.

पण या वस्तू खरोखर किती जुन्या? येथून या गुहेची खरी गोष्ट सुरू होते.

लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गुहेत घेवड्याचे दाणे मिळाले. हा तोच वनस्पतिवंश, ज्यातून आपल्याकडचा राजमा, श्रावणघेवडा आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा आले; युरोपीय सागरी व्यापार सुरू होण्यापूर्वी भारतात हे पीक नव्हते. दाणे जंगली नव्हते, लागवडीचे होते. ज्या थरांत ते सापडले त्या थरांतील कोळशाचे वय काढून दाणे आठ हजार वर्षांहून जुने असावेत, असे अनुमान १९७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिका खंडातील शेतीचा आरंभ त्यामुळे बराच मागे गेला, आणि संदर्भग्रंथांतून गितारेरोचा उल्लेख होऊ लागला.

त्या काळी कार्बन पद्धतीने वय काढायचे तर नमुना बराच लागे. एकेका दाण्याचे वय काढणे शक्य नव्हते, म्हणून शेजारच्या कोळशावर विसंबावे लागे. गुहेतील माती तरी कुठे स्वस्थ बसलेली असते? माणसे खड्डे खणतात, उंदीर बिळे करतात, वरचे खाली जाते. पुढे त्वरकयंत्राच्या साहाय्याने अगदी छोट्या नमुन्याचेही वय काढता येऊ लागले. तेव्हा थेट दाण्यांचीच परीक्षा झाली, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार घेवड्याचा दाणा सुमारे ४,३०० वर्षांचा ठरला. म्हणजे जुना दावा जवळजवळ निम्म्यावर आला. हे संशोधन प्रसिद्ध करणाऱ्या दोघांत एक होते लॉरेन्स कॅप्लन आणि दुसरे स्वतः थॉमस लिंच. ज्यांनी आठ हजारांचा आकडा मांडला होता, त्यांनीच तो मागे घेतला.

यामुळे गुहेतील इतर वस्तूंवरही संशयाची छाया पडणे स्वाभाविक होते. दाणे खाली घसरले असतील, तर दोऱ्या का नाही? मग २०११ साली एडवर्ड जोली, लिंच आणि इतर दोन सहकाऱ्यांनी दोऱ्यांचे आणि वस्त्राचे तुकडेच थेट तपासले. या वेळी निकाल उलट लागला. त्यांतले सर्वांत जुने तुकडे सुमारे १२,१०० ते ११,१०० वर्षांपूर्वीचे निघाले. दक्षिण अमेरिकेत ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या विणकामांत त्यांची गणना होते. ज्या कसोटीवर घेवडा उतरला नाही, तिच्यावर दोरी उतरली. माग अजून जन्माला यायचा होता. हे सारे काम बोटांचे आहे. इतक्या प्राचीन काळी अँडीजच्या उंच खोऱ्यांत आलेले लोक केवळ पुरुष शिकाऱ्यांच्या टोळ्या नसून त्यांत स्त्रियाही असाव्यात, अशी शक्यता या संशोधकांनी मांडली. ती शक्यता आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. पण विचार करायला लावणारी आहे.

आता नदी ओलांडून पूर्व काठावर यायचे.

येथे दृश्य पालटते. काळ्या रांगेचा रखरखीतपणा मागे राहतो. पाट, शेते, निलगिरीची झाडे दिसू लागतात. हे पाणी पांढऱ्या रांगेच्या बर्फाचे. वस्ती, शेती आणि बाजारपेठ या काठाला वाढली याचे कारण तेच. पण ज्या सपाट, सुपीक जमिनीवर ही गावे वसली, तीही पर्वताकडूनच आली होती: प्राचीन काळी कोसळलेल्या दरडींनी आणि चिखलाच्या लोंढ्यांनी ती पसरली होती. गावाच्या माथ्यावर ६,७६८ मीटर उंचीचे हुआस्कारान उभे आहे, पेरूतील सर्वांत उंच शिखर. पाणी देणारा तो, जमीन देणाराही तोच. गुहेत राहणाऱ्यांनी हा हिशेब करून पलीकडचा कोरडा काठ निवडला, असे मात्र कुणी समजू नये. तसे म्हणायला काही आधार नाही.

युंगायचे नाव दक्षिण अमेरिकेच्या इतिहासात पूर्वीच येऊन गेले होते. २० जानेवारी १८३९ रोजी याच परिसरात चिलीच्या मान्युएल बुल्नेस यांनी आंद्रेस दे सांता क्रूस यांचा पराभव केला आणि पेरू व बोलिव्हिया यांचा संयुक्त संघ मोडला. चिलीची राजधानी सांतियागो येथे या विजयाच्या स्मरणार्थ युंगाय नावाचा भाग आहे. पेरूतले युंगाय मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षे एक शांत, डौलदार गाव म्हणून राहिले. मध्यभागी चौक, चौकात ताडाची उंच झाडे, बाजूला देवालय, मागे हिमशिखर.

१० जानेवारी १९६२ रोजी हुआस्कारानच्या उत्तर शिखरावरून बर्फाचा प्रचंड कडा सुटला. भूकंप नव्हता, काही नव्हते. दरीतून खाली आलेल्या लोंढ्याने शेजारचे रानराइर्का गाडले गेले. युंगाय वाचले, कारण त्या दरीच्या आणि गावाच्या मध्ये आइरा नावाची टेकडी आडवी होती.

त्याच वर्षी डेव्हिड बर्नेज आणि चार्ल्स सॉयर या दोन अमेरिकनांनी शिखराची पाहणी केली. त्यांना कड्याचा एक अवाढव्य, खालून पोखरला गेलेला भाग दिसला, आणि तो सुटल्यास युंगायही वाचणार नाही असा इशारा वृत्तपत्रात छापून आला. पुढे अधिकाऱ्यांनी धाक घालून हे म्हणणे मागे घ्यायला लावले, अशी हकिगत सांगितली जाते. इशारा विरून गेला. गावकऱ्यांना टेकडीचा भरवसा होता, आणि तो अनुभवातून आलेला होता. आठच वर्षांपूर्वी तिने त्यांना वाचवले होते.

३१ मे १९७० हा रविवार होता. मेक्सिकोत त्या दिवशी विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना होता. दुपारी ३ वाजून २३ मिनिटांनी चिंबोते बंदरासमोरच्या समुद्रात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. मातेओ कासाबेर्दे हे पेरूचे भूभौतिकशास्त्रज्ञ त्या वेळी एका पाहुण्या फ्रेंच जोडप्याला हा परिसर दाखवत होते. गाडी युंगायहून कारासकडे निघाली होती आणि नेमकी गावच्या दफनभूमीजवळ आली असता हादरू लागली. हादरे ओसरत असतानाच हुआस्कारानच्या बाजूने गर्जना ऐकू आली. मोकळ्या जागेत उंचवटा एकच होता: दफनभूमीची टेकडी, गोलाकार चढत गेलेल्या पायऱ्यांची. ते तिघे धावत सुटले.

खाली येणाऱ्या लोंढ्याचा माथा समुद्राच्या लाटेसारखा वळलेला होता, अशी नोंद कासाबेर्दे यांनी केली आहे. त्या लोंढ्याचा एक भाग या वेळी आइरा टेकडीवरून उडी घेऊन युंगायकडे वळला होता. सुमारे चौदा किलोमीटरांची वाट त्याने तीन मिनिटांच्या आसपास कापली. पायथ्याशी एक माणूस दोन लहान मुलांना घेऊन धावत होता. लोंढ्याने गाठताच त्याने दोन्ही मुले टेकडीच्या दिशेने वर फेकली. मुले वाचली, तो दिसेनासा झाला. टेकडीवर वाचलेल्यांची संख्या ९२ सांगितली जाते. गावाच्या दुसऱ्या टोकाला मैदानात सर्कस आली होती. ती पाहायला गेलेले सुमारे तीनशे जण, बहुतांशी मुले, बचावले.

त्या भूकंपात संपूर्ण आंकाशमध्ये सुमारे ७०,००० लोक मेले. एकट्या युंगायचा आकडा वर्षानुवर्षे अठरा-वीस हजार असा सांगितला गेला, आणि बहुतेक वाटाडे आजही तोच सांगतात. २००९ साली स्टीफन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणनेच्या नोंदी पाहून या लोंढ्याचे एकूण बळी सहा हजारांच्या आसपास असावेत असा निष्कर्ष काढला. १९६२ सालच्या बळींचा आकडाही त्यांनी चार हजारांवरून सुमारे साडेसहाशेवर आणला. येथे घेवड्याच्या दाण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. आकडा कमी झाल्याने ज्यांचे कुणी गेले त्यांचे दुःख कमी होत नाही, आणि तसे कुणी म्हटलेलेही नाही. परंतु अशा खोऱ्यांत किती माणसे कुठे राहतात, धोक्याच्या वाटेत किती येतात, हा हिशेब भूशास्त्रज्ञांना पुढल्या पिढीसाठी करायचा असतो, आणि त्याला खरा आकडा लागतो.

वाचलेल्या लोकांनी दूर जाण्यास नकार दिला. जुन्या जागेच्या थोडे उत्तरेला नवे युंगाय उभे राहिले. सोव्हिएत संघाने मदत म्हणून पाठवलेली लाकडी घरे तिथे बांधली गेली. पेरूची नागरी संरक्षण व्यवस्था १९७२ साली कायद्याने स्थापन झाली, ती या आपत्तीनंतरच.

जुने युंगाय हे आता स्मृतिस्थळ आहे. सपाट जमिनीवर गुलाबांचे ताटवे, ठिकठिकाणी क्रूस, देवालयाच्या दर्शनी भिंतीची प्रतिकृती, चुरगाळलेल्या बसगाडीचा सांगाडा. चौकातल्या ताडांपैकी चार त्या दिवशी उभे राहिले होते. त्यांचे शेंडे तेवढे गाळाच्या वर होते. चौक अजूनही कित्येक मीटर खाली आहे, घरांसह आणि माणसांसह. हे सारे गावच दफनभूमी म्हणून जाहीर झालेले असल्याने येथे खोदण्यास मनाई आहे. दफनभूमीच्या टेकडीवर येशूचा पुतळा हात पसरून उभा आहे. तिथून पश्चिमेला पाहिले की सांतेचे पात्र दिसते, आणि पात्रापलीकडे काळ्या रांगेचे उघडे उतार.