अंड्याचे कवच आणि चुन्याचे ऋण

झाशी म्हटले की मराठी मनापुढे प्रथम उभा राहतो तो तिथला किल्ला आणि त्या किल्ल्यातील राणी. तटबंदीच्या बाहेर असलेल्या झाशीच्या छावणीचे नावही त्याच इतिहासात येते. 1857 च्या जून महिन्यात उठावाची ठिणगी तिथेच पडली. परंतु छावणीच्या जीवनाला रणधुमाळीखेरीज आणखी एक बाजू असते. ती स्वयंपाकघराची. गोऱ्या शिपायांच्या व साहेबांच्या न्याहारीला अंडे लागे. लष्कराने दुधासाठी 1889 साली अलाहाबादेस पहिली लष्करी गोशाळा काढली. अंड्यांची भिस्त मात्र खेडोपाडीच्या देशी कोंबड्यांवरच बव्हंशी राहिली.

या देशी कोंबडीचे खाणे ते काय? सांडलेले दाणे, किडे, गोगलगायी, पडक्या भिंतीचा चुना आणि उकिरड्यावरची हाडे. ती अंडी थोडी घाली, पण कवच टणक असे. हे कवच मुख्यतः चुनखडीच्या जातीच्या द्रव्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. ज्वारी-बाजरीत तर कॅल्शियम नाममात्रच. मग अन्नात नसलेला चुना कवचात येतो कोठून?

हा प्रश्न व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1799 साली कसोटीस लावला. क्रोमियम या धातूचा शोध लावणारा तो हाच. त्याने एका कोंबडीला दहा दिवस नुसते ओट हे धान्य घातले आणि धान्यातील चुना, कवचातील चुना व विष्ठेतील चुना यांचा हिशेब मांडला. बाहेर पडलेला चुना आत गेलेल्या चुन्याहून अधिक भरला! कोंबडी आपल्या देहात चुना नव्याने उत्पन्न करते की काय, अशी शंका त्यातून निघाली आणि ती दीर्घकाळ लोकांना मोह घालीत राहिली.

खरे उत्तर हिशेबाच्या वहीत नव्हते, ते कोंबडीच्या हाडांत होते. 1934 साली अमेरिकेत कबुतरांच्या अभ्यासातून असे दिसून आले की, मादी अंड्यावर येण्याच्या सुमारास तिच्या लांब हाडांच्या पोकळीत नव्या हाडाचे जाळे तयार होते. ही चुन्याची कोठीच होय. कोंबडीची रचनाही अशीच आहे. अन्नातून पुरेसा चुना मिळेनासा झाला की, या कोठीतून उचल होते. कोठी रिती झाली की खुद्द सांगाड्याला हात लागतो. व्होकलँची कोंबडी चुना निर्माण करीत नव्हती. ती आपली हाडे झिजवीत होती.

या उचलीचे प्रमाण पाहण्यासारखे आहे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, आणि कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यात ते जेमतेम 20 ग्रॅम. वर्षाला 300 अंडी देणारी कोंबडी आपल्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम बाहेर टाकते. देशी कोंबडीच्या मोजक्या अंड्यांना अंगणातला चुना पुरत असे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी, 1912 च्या सुमारास, संयुक्त प्रांतातीलच एटा येथे स्लेटर या मिशनऱ्याने विलायती जातींच्या कोंबड्यांची पैदास सुरू केली. पुढे बरेलीजवळ इज्जतनगरला 1979 साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था निघाली. इकडे पुण्यात 1971 पासून व्यंकटेश्वरा हॅचरीजने या धंद्याला कारखानदारीचे रूप दिले. कोंबडी अंगणातून पिंजऱ्यात गेली. तिची अंडी वाढली, पण पडकी भिंत तिला दुरावली.

तेव्हा चुना पुरविण्याचे काम माणसाकडे आले. आजच्या अंड्यावरील कोंबडीला दिवसाला साधारणतः 4 ग्रॅम कॅल्शियम लागते. कारण पोटात गेलेले सारेच अंगी लागत नाही. त्यासाठी चुनखडीची भरड आणि समुद्रातील शिंपल्यांचा चुरा खाद्यात घालतात. भरड घालण्यामागे कारण आहे. कवच घडण्यास सुमारे वीस तास लागतात आणि त्यातील बरेचसे काम रात्री, कोंबडी उपाशी असताना, चालते. बारीक भुकटी लवकर विरघळून जाते. जाड कण पोटात रेंगाळून रात्रभर चुना पुरवितात. म्हणून असा चुरा दुपारनंतर द्यावा. जोडीला ड जीवनसत्त्व हवे, नाही तर दिलेला चुना अंगी लागत नाही. आणि लहान पिलांना मात्र हे खाद्य देऊ नये. अतिरिक्त चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

झाशीचा उन्हाळा येथे आणखी एक धडा देतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढला की कोंबडी धापा टाकते. प्रत्येक धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. शिवाय तिचे खाणेही घटते. अशा वेळी चुन्याची पाटी भरलेली असूनही कवच पातळ निघते. तेथे सावली, वारा व गार पाणी हेच औषध.

पातळ कवचाचे अंडे फुटले की मालकाचे नुकसान चटकन दिसते. परंतु त्याआधी कित्येक दिवस कोंबडीची हाडे ठिसूळ होत असतात, पाय लुळे पडत असतात. ते कोणास दिसत नाही. अंगणातील कोंबडी आपला चुना आपण शोधीत होती. जिला आपण कोंडले, तिचे ते शोधणे आपल्या माथी आले आहे. हे ऋण माणसाने पाटीत टाकून फेडले नाही, तर ती मुकी कोंबडी ते आपल्या हाडांतून फेडीत राहते.