बाहेर पडायचं, पण कसं?

२४ जून २०१६ ला मी पानावर मथळा दिला होता, ‘ब्रिटन बाहेर!’ चुकलंच माझं. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला.

खरं तर हा वाद जुनाच. १९७५ मध्येही असंच सार्वमत झालं. तेव्हा बाहेर पडा म्हणत होते मजूर पक्षातले टोनी बेन, आणि राहा म्हणून प्रचाराला चक्क मार्गारेट थॅचर! ६७ टक्के लोक ‘राहू’ म्हणाले. ४१ वर्षांनी ५१.९ टक्के ‘निघू’ म्हणाले.

पण मतपत्रिकेवर राहायचं की निघायचं, एवढंच होतं. व्यापाराचं काय, आयर्लंडच्या सीमेचं काय, हे विचारलंच नाही. त्या भांडणात थेरेसा मे यांची खुर्ची गेली. उत्तर आयर्लंडनं तर ५५.८ टक्क्यांनी राहायचं म्हटलं होतं. ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी शेवटी त्यांच्याच बंदरांवर आली.