जुन्या गाडीचा चोक आणि थंड इंजिनाचे आयडलिंग

चोक ही कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल गाडीतील एक सोय आहे. इंजिन थंड असताना त्याला थोडा वेळ जादा पेट्रोल मिळावे, यासाठी चालक हाताने चोकची मूठ ओढतो. आयडलिंग म्हणजे एक्सलेटरवर पाय नसतानाही इंजिन मंद गतीने चालू राहणे. सकाळी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडू लागली की बहुतेक वेळा दोष चोकला दिला जातो. प्रत्यक्षात कारण अनेकदा दुसरेच असते आणि चोक ओढून ते झाकले गेल्यामुळे इंजिनाचे नुकसान होते.

कोणत्या गाड्यांत असतो?

वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहातील प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली. कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० तयार होई. हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसी इंजिनाची ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी माहीत झाली. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून दिसतात. जुनी अ‍ॅम्बेसेडर आणि कार्ब्युरेटर असलेली मारुती ८०० यांच्यातही हाताने ओढायचा चोक असे.

चोक काय करतो?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचा बराच भाग मॅनिफोल्डच्या भिंतींना थेंबांच्या रूपात चिकटतो आणि सिलिंडरपर्यंत पोचणारे मिश्रण पातळ राहते. म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावे लागते.

हे काम दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप हवा अडवते. मारुती ८०० मध्ये ही पद्धत आहे. दुसऱ्या प्रकारात मुख्य कार्ब्युरेटरच्या बाजूलाच एक छोटा स्वतंत्र मार्ग असतो. मूठ ओढली की तो उघडतो आणि आपल्या वेगळ्या जेटमधून घट्ट मिश्रण देतो. पद्मिनीवरचा सोलेक्स कार्ब्युरेटर या प्रकारचा आहे. हा मार्ग थ्रॉटल बंद असताना तयार होणाऱ्या ओढीवर चालतो. त्यामुळे अशी गाडी थंड असताना सुरू करताना एक्सलेटर दाबू नये. दाबल्यास ओढ कमी होते आणि चोक ओढूनही गाडी सुरू होत नाही.

किनाऱ्यावरची खरी अडचण

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात हिवाळ्यातही पारा सहसा १५ अंशांखाली जात नाही. इथे चोक एक-दोन मिनिटांपुरताच लागतो. त्रास होतो तो खारी हवा, पाऊस आणि महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी यांमुळे.

खाऱ्या हवेने चोकच्या केबलमधील तार गंजते. मूठ आत ढकलली तरी कार्ब्युरेटरवरचा चोक पूर्ण बंद होत नाही, किंवा मूठ बाहेर आली तरी तो पूर्ण उघडत नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि प्लगच्या वायरींवर दमट थर बसतो. ठिणगी कमजोर पडते. अशा वेळी चोक ओढल्याने प्लग ओले होण्यापलीकडे काही साधत नाही. टोपी आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसणे हाच उपाय.

चाकरमान्यांच्या घरी मे महिन्यानंतर झाकून ठेवलेली गाडी थेट गणपतीला बाहेर निघते. तोवर कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे वाटीच्या तळाशी पाणी आणि गंज सापडणे नवल नाही. आयडलिंगला पेट्रोल पुरवणाऱ्या स्लो जेटचे छिद्र फार बारीक असते. सगळ्यात आधी तेच तुंबते.

दोष कसा ओळखावा?

१. मूठ तपासणे. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढावा. एकाने मूठ ओढावी, दुसऱ्याने कार्ब्युरेटरवरची दांडी पाहावी. दांडी दोन्ही टोकांना पूर्ण टेकली पाहिजे. मूठ आत असताना केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. तार अडकत असेल तर तेल सोडून पाहावे. गंजली असेल तर केबलच बदलावी.

२. गरम इंजिनाची परीक्षा. इंजिन तापल्यावरही चोक थोडा ओढला तरच गाडी चालू राहत असेल, तर दोष चोकचा नाही. मिश्रण पातळ पडते आहे. स्लो जेट तुंबला आहे किंवा कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून, मॅनिफोल्डच्या जोडातून अथवा झिजलेल्या थ्रॉटलच्या दांड्याजवळून जादा हवा आत शिरते आहे.

३. प्लग पाहणे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे कमी, फिकट तपकिरी रंग म्हणजे मिश्रण ठीक.

आयडलिंग कसे लावावे?

थंड इंजिनावर आयडलिंग लावणे ही नेहमीची चूक आहे. आधी पॉइंट, प्लग, टायमिंग आणि टॅपेट ठीक असल्याची खात्री करावी. १५-२० मिनिटे गाडी चालवून इंजिन तापवावे आणि चोक पूर्ण बंद करावा. थ्रॉटलच्या स्क्रूने गती किंचित वाढवावी. सोलेक्सच्या मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत फिरवावा. इंजिन अडखळू लागले की ते सुरळीत होईपर्यंत पुन्हा बाहेर घ्यावा. मग गती खाली आणावी. मिनिटाला ७०० ते ९०० फेरे पुरेसे आहेत. मिश्रणाचा स्क्रू कधीही जोराने आवळू नये. त्याच्या सुईचे टोक खराब होते आणि पुढे मिश्रण जुळत नाही. पीयूसीच्या तपासणीत धूर आयडलिंगलाच मोजतात, त्यामुळे हे काम नीट झाले असेल तर तिथेही अडचण येत नाही.

चोक उघडा राहिला तर

न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येऊ लागला तर ऑइल बदलावे लागते. दुर्लक्ष केल्यास पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग झिजतात. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलकडे डोळेझाक केली की पुढे इंजिनाचे काम निघते ते असे.

त्याहून गंभीर धोका धुराचा आहे. चोक ओढलेल्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड जास्त असतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो जीव घेऊ शकतो. गॅरेजमध्ये किंवा घरालगतच्या मांगरात गाडी तापवत ठेवू नये. ढकलून अंगणात आणावी आणि मगच सुरू करावी. तसेच कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याचा प्रकार टाळावा. इंजिनाने उलटा भडका मारला तर आग लागते.