एका फायलीला दुसरी हवी

१९९८ साली मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी लिनक्स बसवलं. गाणी ऐकायला एक प्रोग्राम उतरवला, तर संगणक म्हणाला, आधी अमुक फाइल आणा. ती आणली, तर तिला तिसरी हवी! डायल-अपवर रात्र सरली. गाणं काही वाजलं नाही.

लिनक्सचे प्रोग्राम सामायिक फायली वापरतात. त्यामुळे जागा वाचते, पण एक फाइल नसली की सारं अडतं. इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाने यावर उपाय काढला. मार्च १९९९ च्या २.१ आवृत्तीत ‘ॲप्ट’ आलं. प्रोग्रामचं नाव सांगा, लागणाऱ्या बाकीच्या फायली ते स्वतः आणतं. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूनेही तेच घेतलं.

त्या रात्री मी स्वतःला अडाणी समजलो, ते उगाचच.