चूल, पाणी आणि साक्ष : लक्ष्मीबाई टिळकांच्या निमित्ताने

मागच्या व्याख्यानात आपण निजामी राजवटीतल्या मराठवाड्याचे नकाशे पाहिले होते. त्यात किनवट कुठे होते, आठवतेय ना? तेव्हा ते नांदेड जिल्ह्यात नव्हतेच. हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात, म्हणजे मराठी मुलखात आले. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, खाली तेलंगण, आणि बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा असे सगळेच कानावर पडते. अशा गावी बसून आज आपल्याला एका अवघड प्रश्नाकडे बघायचे आहे. माणसाची श्रद्धा बदलते ती कशाने? पुस्तकाने, प्रवचनाने, की रोजच्या जगण्यातल्या एखाद्या बारीकशा गोष्टीने?

हा प्रश्न आम्ही ख्रिस्ती धर्माच्या बाजूने घेतो आहोत. त्याचे कारण साधे आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींमध्ये ‘साक्ष देणे’ अशी एक रीत आहे. रविवारच्या उपासनेत किंवा घरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी उभे राहते आणि त्या आठवड्यात काय घडले ते सांगते. पोराचा ताप उतरला, शेजारणीशी अबोला होता तो सुटला, एसटी चुकली आणि त्या वेळात कुणीतरी भेटले. मग त्यातून आपल्याला काय कळले, हे सांगते. बाहेरच्या माणसाला हे किरकोळ वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकाला तसे वाटून चालत नाही, कारण सामान्य माणसाच्या धर्माचा पुरावा बहुतेक वेळा याच किरकोळ गोष्टींत असतो.

आता कुणी म्हणेल, ही रीत परदेशातून आली. काही अंशी खरे आहे. पण साध्या गोष्टीतून धर्म सांगण्याची सवय या मातीला नवी नव्हती. किनवटच्या शेजारी माहूर आहे. रेणुकेचे ठाणे म्हणून आपण ते ओळखतो, पण महानुभावांनाही ते तितकेच प्यारे आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. ते 114 आहेत. प्रत्येकाची मांडणी तीन भागांची : आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ. हत्ती चाचपणारे आंधळे त्यात आहेत. येशूचे दाखले याच जातीचे, फक्त बऱ्याच ठिकाणी दार्ष्टान्तिक गाळलेले. उधळ्या मुलाची गोष्ट संपते तेव्हा थोरला भाऊ घरात आला की बाहेरच राहिला, हे सांगितलेलेच नाही. ऐकणाऱ्याने आपल्या घरी जाऊन ठरवावे.

पण ऐकणाऱ्याचे घर वेगळे असले की अडचण होते. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत. आमचा शेतकरी ज्वारी पेरतो ती तिफणीने. चाड्यावर मूठ धरून बी नळ्यांतून तासात सोडतात. बी वाटेवर जाईलच कसे? तो म्हणणार, हा कुणीतरी अडाणी शेतकरी दिसतो! तिकडे बी हाताने फोकून पेरत, हे आधी सांगावे लागते. खमिराचा दाखलाही तसाच. मराठी बायबलात ‘खमीर’ शब्द आहे, पण भाकरीच्या पिठाला खमीर कोण लावते? आमच्या घरातली जवळची वस्तू म्हणजे विरजण. म्हणजे गोष्ट घरगुती असून भागत नाही, ती आपल्या घरातली असावी लागते. गोव्यात फादर स्टीफन्सला हे फार लवकर कळले होते. जन्माने इंग्रज असलेल्या या माणसाने ओवी छंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 साली छापले गेले. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, तिकडे आज जात नाही.

एकोणिसाव्या शतकात येऊ. मराठीत ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपली कहाणी सांगायची, याचा एक ठसा बाबा पदमनजींनी घालून दिला. जन्म 1831, बेळगावचा. 1854 मध्ये बाप्तिस्मा. 1888 मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. त्यातला प्रवास मुख्यतः वाचनाचा, वादाचा, विचाराचा आहे. एक मत पटत नाही, दुसरे पटते, मग पाऊल पडते. नारायण वामन टिळकांचेही वरवर पाहता तसेच. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी गोरा माणूस भेटतो, गप्पा होतात, तो नवा करार हातात देतो. टिळक वाचतात, डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन अडकतात आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतात. पुरुषांच्या या कहाण्यांत पुस्तक मध्यभागी असते. आम्हांला त्या खोट्या वाटत नाहीत. अपुऱ्या मात्र वाटतात.

कारण त्याच वेळी टिळकांच्या बायकोचे काय चालले होते?

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की सारे घर त्यापायी जेरीस आलेले. लहानपणी लग्न, शाळा जवळपास नाही. नवरा कवी आणि लहरी. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन टाकणारा, आणि न सांगता कुठेही निघून जाणारा. असा नवरा एक दिवस धर्म बदलतो. पदरात लहान मुलगा, माहेर-सासरचे नातेवाईक संतापलेले, आणि बाईला जिवंतपणी विधवेसारखे वागवले जाण्याची पाळी. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. टिळकांच्या बाप्तिस्म्याचे कौतुक करणारी पुस्तके पुष्कळ आहेत, पण त्या बाप्तिस्म्याची किंमत कुणी मोजली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचल्याशिवाय कळत नाही. टिळक मोठे कवी होते, हे आम्ही मानतोच. तरी बायकोला असे अधांतरी टाकणे त्यांच्या श्रद्धेच्या खाती चांगल्या बाजूला लिहिता येत नाही.

पुढे लक्ष्मीबाई नगरकडे आल्या, पण आल्या त्या आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. नवरा ख्रिस्ती, ही कडक सोवळ्यातली. आणि इथे आपल्या विषयाचा गाभा आहे. त्यांचे मन फिरले ते कुणाच्या व्याख्यानाने नाही. त्या स्वतःशीच विचार करत होत्या. जात देवाने केली असेल तर देवाने तशी खूण ठेवली असती. गाय, घोडा, पक्षी यांच्यात बघता क्षणी फरक दिसतो. माणसामाणसात तो कुठे आहे? नसेल, तर हे काम माणसाचे. मग मी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला काय हरकत आहे? बस्स, इतकेच. यात त्रैक्याचा सिद्धान्त नाही, प्रायश्चित्ताची मीमांसा नाही. पाण्याचा तांब्या आहे आणि तो कुणी भरला हा प्रश्न आहे. तो प्रश्न सुटल्यावर बाकीचे मागाहून आले. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बघा, क्रम कसा उलटा आहे. आपल्याला वाटते की माणूस आधी विश्वास ठेवतो, मग त्याप्रमाणे वागतो. इथे वागणे आधी बदलले.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही असेच काहीसे दिसते, आणि रमाबाई म्हणजे तर शास्त्रांत मुरलेली बाई. 1883 मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींकडे राहत होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथले एक घर दाखवले. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळले जात होते. रमाबाईंना धक्का बसला. त्यांनी विचारले, तुम्हांला हे करावेसे का वाटते? तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. तिथेही विहीर, तिथेही पाणी, आणि कुणी कुणाकडे पाणी मागावे हाच प्रश्न! आधी घर पाहिले, मग गोष्ट ऐकली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हेच उलगडून दाखवले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. 1922 मध्ये त्या वारल्या, तोवर ते काम हातावेगळे झाले होते. त्यांची मुलगी मनोरमा हिने गुलबर्ग्याला, म्हणजे निजामाच्याच मुलखात, शाळा काढली होती.

मराठवाड्याचे म्हणाल तर इथली ख्रिस्ती वस्ती त्याआधीची आहे. नारायण शेषाद्री हे 1843 मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांनी 1860 नंतर जालन्याला काम सुरू केले. सालारजंगाच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले. औरंगाबादला रतनजी नौरोजी हे पारशातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ काम करत होते. किनवटच्या नदीपलीकडे यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून 1983 पर्यंत होती, मग ती पुण्याला गेली. ही मोठी नावे झाली. पण मंडळीत बसणारी बहुसंख्य माणसे महार-मांग वस्तीतली होती, आणि त्यांनी ‘अरुणोदय’ लिहिले नाही, ‘स्मृतिचित्रे’ही लिहिली नाहीत.

त्यांच्याबद्दल एक जुना आरोप आहे : भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ एकामागोमाग आले आणि त्या काळात अनेक मिशनांतली संख्या वाढली, हे खरेच आहे. मग आरोप खरा धरायचा का? आमचे म्हणणे असे की प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ज्याला गावाने पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्याला दुष्काळात कुणीतरी शेजारी बसवून भाकरी दिली, तर ती भाकरी त्याच्यासाठी निव्वळ अन्न राहत नाही. लक्ष्मीबाईंचा तांब्या हा विचार, आणि त्याची भाकरी मात्र लालूच, असे आपण म्हणतो तेव्हा आपण माणसाची जात बघून त्याच्या श्रद्धेचे मोल ठरवत असतो.

अर्थात दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात मतलब नाही. मिशनांना आपल्या देशी अहवाल पाठवावे लागत, त्यावर देणग्या अवलंबून असत. हृदय हेलावणाऱ्या साक्षी अहवालात शोभून दिसत. उपाशी माणूस आणि धान्याच्या कोठाराची किल्ली असलेला माणूस यांच्यात बरोबरीचा संवाद होत नाही, मग किल्ली कितीही दयाळू हातात असो. शिवाय साक्ष ही नेहमी नंतर सांगितलेली गोष्ट असते. घडताना जे नुसते घडले, त्याला सांगताना अर्थ चिकटतो. ‘स्मृतिचित्रे’ सुद्धा घटनांनंतर तीसेक वर्षांनी लिहिली गेली. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहीत होता, त्याला आठवणी हव्या होत्या म्हणून. तरीही त्या पुस्तकावर आम्ही विश्वास ठेवतो, याचे कारण त्यात लक्ष्मीबाई स्वतःची फजिती मोकळेपणाने सांगतात आणि प्रत्येक प्रसंगाला तात्पर्य जोडत नाहीत. अहवालासाठी लिहिणारा माणूस असे करत नाही. त्यांचा कवितासंग्रह मृत्यूनंतर निघाला, त्याचे नावही बघा : ‘भरली घागर’.

आता मराठवाड्यातल्या अभ्यासकापुढची खरी अडचण. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना मिळाला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. आदिवासींना ही धर्माची अट नाही, म्हणजे किनवटच्या गोंड-कोलामांचे प्रकरण कायद्याने वेगळे आहे. पण दलित घरात काय होते? शाळेच्या दाखल्यावर जी नोंद आहे तिच्यावर फी, वसतिगृह, नोकरी अवलंबून. त्यामुळे कागदावर एक आणि घरात दुसरे, असे जगणे कित्येकांच्या वाट्याला आले. यात लबाडी बघणाऱ्यांना आम्ही इतकेच विचारतो की ही अट घातली कुणी? इतिहासाच्या दृष्टीने परिणाम असा की सरकारी कागदात ही माणसे सापडत नाहीत. जनगणनेतला आकडा घेऊन त्यावर प्रबंध उभा करणाऱ्यांनी जरा जपून राहावे.

मग शोधायचे कुठे? घरात. जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत मोठे बायबल असते आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू हाताने लिहिलेले असतात. कधी त्यात एखाद्या साली पाऊस पडला नाही, एवढीच ओळ असते. आजीच्या तोंडी टिळकांची भजने असतात, आणि ती कुठल्या प्रसंगी म्हणायची याचा तिचा स्वतःचा हिशेब असतो. तिला विचारले पाहिजे की पहिल्यांदा तुमच्या घरचे पाणी बाहेरचे कोण प्यायले? हा प्रश्न आम्ही मुद्दाम सुचवतो आहोत. ‘तुम्ही ख्रिस्ती का झालात’ असे विचारले की मंडळीत पाठ झालेले उत्तर मिळते. पाण्याचे विचारले की गोष्ट मिळते.

बायबलाचे पान मिळाले तर फोटो काढताना शाई फिकी असेल तिथे उजेड तिरपा घ्या, म्हणजे टाकाच्या खुणा दिसतात. आणि घरच्यांनी नावे उघड करू नका म्हटले तर करू नका. कारण वर सांगितलेच आहे. पुढच्या वेळी आपण बेथेलच्या जमिनीचे प्रकरण घेणार आहोत. त्याआधी ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग तरी वाचून या. आता प्रश्न घेऊ.