विलायतेच्या वाटेवरचा पैसा

बँकेतून निवृत्त होऊन वडगाव निंबाळकरला राहायला आलो तरी कागद घेऊन येणारी माणसं थांबली नाहीत. फरक एवढाच, की पूर्वी पीककर्ज, ठिबक, ट्रॅक्टर अशी प्रकरणं असत. आता नीरा-बारामती रस्त्यालगतच्या वस्त्यांवरून आईबाप येतात ते मुलीचं जर्मनीचं, नाहीतर मुलाचं आयर्लंडचं प्रवेशपत्र घेऊन. विद्यापीठ कसलं, विषय कसला, हे पोरांनी त्यांना समजावलेलं असतं. पैसा कुठून उभा करायचा, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

परदेशी शिकून आलेल्यांच्या बुद्धीच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. मला त्यांच्या पैशाचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा वाटतो. पैसा कोणी दिला आणि कोणत्या अटीवर दिला, यावर त्या माणसाचं पुढचं आयुष्य बरंचसं ठरत आलं आहे.

आनंदीबाई जोशींचंच बघा. अमेरिकेला कशासाठी जाते, हे त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात भर सभेत सांगितलं, तेव्हा कुठे लोकांची मदत येऊ लागली. व्हाइसरॉय रिपन यांनीही २०० रुपये दिले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना देऊ केली होती. ती हाती घेण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्यांना पुण्यात गाठलं. वय अवघं एकवीस. त्या फिलाडेल्फियात शिकत होत्या त्याच सुमारास आमच्याकडे नीरा डाव्या कालव्याचं काम पुरं होत होतं.

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले आणि परतून फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. १९०६ साली सावरकर लंडनला गेले ते शिवाजी शिष्यवृत्तीवर. लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मांमार्फत दिल्या जाणाऱ्या या शिष्यवृत्त्यांची अट वेगळीच होती: शिकून इंग्रज सरकारची चाकरी करायची नाही.

कर्जाच्या कागदांत आयुष्य गेलेल्या माझ्या मनात मात्र ४ जून १९१३ चा करार घर करून आहे. भीमराव आंबेडकरांनी त्यावर बडोदा संस्थानासाठी सही केली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली ते एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तिथला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. शब्दाप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. करारात रक्कम होती, मुदत होती, विषयही ठरलेले होते. पण आपल्याच अधिकाऱ्याच्या डोक्यावर छप्पर राहील, एवढं संस्थानाला करता आलं नाही. दहा वर्षांची अट तिथेच संपली, आणि ती मोडल्याचा दोष मी विद्यार्थ्याला कधीच लावणार नाही.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, त्याही जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जावर.

आमच्या गावची आजची अडचण अशी. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बहुतेक बँका शेतजमीन तारण धरत नाहीत. घर, बिगरशेती प्लॉट, नाहीतर मुदत ठेव मागतात. म्हणजे कालव्याखाली तीन एकर बागायत असलेला शेतकरी बँकेच्या लेखी रिकाम्या हाताचा. ऊसबिल हप्त्याहप्त्याने येतं. जर्मनीच्या व्हिसाला मात्र वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला आधीच भरलेले लागतात. मग मामाचा बारामतीतला फ्लॅट तारण पडतो, किंवा एखादा एकर विकायला निघतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ज्याला ती लागू आहे त्याला मी आधी तो अर्ज भरायला लावतो, कर्जाचं नंतर बघू म्हणतो. पण तिथे जागा मोजक्या आणि उमेदवार फार.

१९१८ साली, सिडनहॅमला लागले त्याच वर्षी, आंबेडकरांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडा लहान आहे म्हणून शेती तोट्यात जाते असं नव्हे, त्याच्या जोडीला पुरेसं भांडवल नाही हे खरं कारण, असं त्यांचं म्हणणं होतं. आज असं भांडवल आमच्याकडे सोसायटीच्या पीककर्जातून मिळतं, आणि ते कर्ज साखर कारखाना ऊसबिलातून परस्पर कापून देतो. ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. मग त्याच बिलावर, त्याच कपातीच्या भरवशावर पोरीच्या शिक्षणाचं कर्ज का मिळू नये? बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी हे विचारतो. कारखान्याच्या संचालकांनाही विचारणार आहे.